'सानुकूल अल्बममध्ये जतन करा' : नेमका शब्द कोणता?

एका चित्रकलेच्या अ‍ॅपचं मराठीकरण करतोय. काढलेलं चित्र फोनच्या फोटोंमध्ये 'रेखाटने' नावाच्या वेगळ्या अल्बममध्ये जातं. बटणावर मी 'सानुकूल अल्बममध्ये जतन करा' असं लिहिलं. आईने वाचलं आणि विचारलं, "मग मी दाबू की नको?" काय लिहावं?

—

आईंचं बरोबर आहे. 'सानुकूल' म्हणजे अनुकूल, आपल्या बाजूचा. दैव सानुकूल असतं. अल्बम कसा असेल? तुम्हाला म्हणायचंय 'वेगळा' किंवा 'स्वतःचा'. आणि अल्बमचं नावच बटणावर दिलंत तर विशेषण हवंच कशाला?

'जतन' हा शब्द 'यत्न'वरून आला. त्यात निगा आहे, म्हणून पोथी जतन करतात. 'साठवणे' म्हटलं की धान्य, पाणी, म्हणजे ढीग डोळ्यांपुढे येतो. फाइलसाठी 'जतन' आता रुळलाय, त्याबद्दल तक्रार नाही. पण अल्बमचं प्रकरण निराळं आहे. आयफोनमध्ये फोटो लायब्ररीत एकदाच असतो, अल्बममध्ये असते ती फक्त त्याची नोंद. एकच फोटो चार अल्बममध्ये दिसला तरी जागा एकाचीच जाते, आणि अख्खा अल्बम काढून टाकला तरी फोटो शाबूत राहतो. अँड्रॉइडवर मात्र अल्बम म्हणजे बहुधा सरळ फोल्डर, त्यामुळे तिथलं चित्र पुसलं की मूळ चित्रच पुसलं जातं.

छापील फोटोंच्या काळात आपण काय म्हणायचो? फोटो धुऊन आले की ते अल्बममध्ये 'लावायचो'. निगेटिव्ह वेगळ्या पाकिटात असायच्या, म्हणून अल्बममधला फोटो कुणी काढून नेला तरी जीव जात नसे. आयफोनच्या अल्बमला हे क्रियापद चपखल बसतं. मुळात लॅटिनमध्ये 'आल्बुस' म्हणजे पांढरा; रोममध्ये जाहीर सूचना आणि याद्या ज्या पांढऱ्या फळीवर लिहीत, तिला 'आल्बुम' म्हणत. म्हणजे तिथेही नोंदच!

—

'लावणे' फार आवडलं. पण बटणावर नुसतं 'लावा' आलं की वॉलपेपर लावायचाय असं वाटतं.

—

खरंय, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग 'ठेवा' घ्या. दोन्ही फोनवर चालेल, आणि आईंनाही विचारावं लागणार नाही.

त्याहून महत्त्वाचं आहे ते उलट्या बाजूचं बटण. तिथे 'हटवा' अजिबात नको. हटवणे म्हणजे बाजूला सारणे की नाहीसं करणे, हे वाचणाऱ्याला कळत नाही आणि तो घाबरून काहीच दाबत नाही. 'अल्बममधून काढा' आणि 'फोटो पुसा' अशी दोन वेगळी क्रियापदं ठेवा. आयफोनवर पुसलेला फोटो 30 दिवस परत आणता येतो, तेही तिथेच सांगून टाका.

आणखी एक. परवानगीचा मजकूर काय आहे? आयफोनवर नुसता फोटो टाकायला 'फक्त भर घालण्याची' परवानगी पुरते, पण स्वतःचा अल्बम शोधून त्यात ठेवायचा तर फोटो पाहण्याचीही परवानगी लागते. 'फोटो जतन करण्यासाठी परवानगी द्या' हे त्यामुळे अपुरं आहे. वाचणाऱ्याला पूर्ण सांगायला हवं.

—

आत्ता असं केलंय. बटण : 'रेखाटने' अल्बममध्ये ठेवा. परवानगी : "चित्र 'रेखाटने' अल्बममध्ये ठेवण्यासाठी तुमचे फोटो पाहण्याची आणि त्यांत भर घालण्याची परवानगी हवी आहे." 'त्यांत'वरचा अनुस्वार ठेवू ना?

—

ठेवा. फोटो अनेक आहेत.