राम नाईक यांच्या निवडणुका: तुमच्या घरातल्या आठवणी लिहा

बोरिवलीची_लेक

गेल्या आठवड्यात बोरिवलीचे घर आवरताना पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत वडिलांनी सुतळीने बांधून ठेवलेला पुस्तिकांचा एक गठ्ठा सापडला. 'लोकसभेत राम नाईक' हे त्यांचे दरवर्षीचे कार्यवृत्त होते. लोकसभेत कोणते प्रश्न विचारले, कोणत्या विषयांचा पाठपुरावा केला, याचा हिशेब ते मतदारांपुढे ठेवत असत आणि तो आमच्याही घरी येत असे. वडील तो उत्तरपत्रिका तपासावी तसा वाचत. समासात त्यांच्या शिसपेन्सिलीच्या खुणा अजून स्पष्ट आहेत. रेल्वेच्या बहुतेक बाबींपुढे बरोबरची खूण आहे, पाणीपुरवठ्यापुढे प्रश्नचिन्ह आहे, आणि एका ठिकाणी नुसतेच 'बघू' असे लिहिलेले आहे.

ज्यांना तो काळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. राम नाईक यांचा जन्म १९३४ चा. ते १९७८, १९८० आणि १९८५ मध्ये बोरिवलीतून विधानसभेवर निवडून आले, आणि पुढे १९८९, १९९१, १९९६, १९९८ व १९९९ अशा सलग पाच निवडणुकांत उत्तर मुंबईचे खासदार झाले. २००४ मध्ये अभिनेते गोविंदा यांनी त्यांचा सुमारे ४८ हजार मतांनी पराभव केला. निकाल १३ मे रोजी लागला. त्या संध्याकाळी वडिलांनी दूरदर्शन संच बंद केला, त्या वर्षीचे कार्यवृत्त काढले आणि ते पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला बसले. जेवायला हाक मारली तेव्हा त्यांनी मला एवढेच विचारले, "यातले कुठले काम कमी पडले, सांग." तेव्हा मला उत्तर देता आले नाही आणि आजही येत नाही. तुमच्या घरी त्या निवडणुका कशा गेल्या, ते वाचायला मला मनापासून आवडेल.

दहिसरकर

आम्ही स्लिपा लिहीत होतो. १९८९ आणि १९९१ या दोन्ही वेळी आमच्या इमारतीच्या गच्चीवर रात्री दिवा लावून मतदार याद्यांची पाने वाटून घेतली जात, आणि प्रत्येकाने आपल्या पानावरच्या मतदारांचे नाव, यादीतला अनुक्रमांक आणि मतदान केंद्राची खोली स्वच्छ अक्षरात लिहायची, असा नियम होता. कार्बन लावलेला चालत नसे, कारण खालची प्रत पुसट उमटते आणि वयस्कर माणसाला खोली क्रमांक वाचता येत नाही. मालाडहून एक गुजराती काकू मुद्दाम येत आणि त्यांच्या भागातल्या घरांच्या स्लिपा गुजरातीत लिहून देत. त्यांच्या अक्षराला खालून एक लांब शेपूट असे, ते मी आजही ओळखेन. स्लिपा वाटताना आपोआप यादी तपासली जाई. कोण वारले, कोण भाईंदरला राहायला गेले, कोणाची सून आली आणि तिचे नाव अजून माहेरच्याच यादीत आहे, हे सारे वहीत टिपून दुसऱ्या दिवशी गटप्रमुखाकडे द्यावे लागे. उमेदवाराची पदयात्रा आमच्या गल्लीत येई तेव्हा फार तर दहा मिनिटांची असे. निवडणूक खऱ्या अर्थाने त्या गच्चीवर लढवली जात होती, असे मला तेव्हाही वाटे.

१९९४ मध्ये त्यांना कर्करोग झाल्याचे कळले तेव्हा आमच्यातले बरेचजण सुन्न झाले होते. त्यातून ते बरे झाले आणि १९९६ ची निवडणूक लढले. त्या वर्षी स्लिपा लिहायला गच्चीवर जागा पुरली नाही.

विरारची_सकाळ

मी २००४ मध्ये गोविंदांना मत दिले होते, आणि ते का दिले हे या धाग्यावर कोणीतरी सांगायला हवे म्हणून लिहिते. तेव्हा वसई-विरार उत्तर मुंबई मतदारसंघातच होते. २००८ च्या पुनर्रचनेनंतर ते पालघरमध्ये गेले. बोरिवलीच्या लोकांना हा पराभव सिनेनटाच्या लोकप्रियतेचा वाटतो, परंतु आमच्याकडे चित्र निराळे होते. गोविंदा हा आमच्या गावातून वर आलेला मुलगा, ही भावना घराघरांत होती, स्थानिक नेतृत्व त्यांच्या बाजूला उभे होते, आणि नळाला पाणी येण्याची वाट पाहत बायका रात्री बारा-बारा वाजेपर्यंत जाग्या राहत होत्या. मी सकाळची गाडी पकडून चर्चगेटला जात असे. लेडीज स्पेशलच्या डब्यात त्या महिन्याभरात भाजी निवडता निवडता जी चर्चा होई, तिच्यात खासदारांनी लोकसभेत काय विचारले हा विषय कधी आला नाही. आज पाणी आले का, हाच पहिला प्रश्न असे.

रेल्वेबद्दल मात्र मला न्यायाने लिहिले पाहिजे. राम नाईक १९९८-९९ मध्ये रेल्वे राज्यमंत्री होते आणि मुंबई रेल्वे विकास महामंडळ १९९९ मध्ये स्थापन झाले. बोरिवली ते विरार चौपदरीकरण पूर्ण व्हायला २००७ उजाडले. आम्ही मत दिले तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर खडीचे ढीग आणि अर्धवट खांब होते. ज्या दिवशी नव्या मार्गिकेवरून आमची गाडी पहिल्यांदा न थांबता नायगावची खाडी ओलांडून गेली, त्या दिवशी खिडकीशी बसलेली माझी मैत्रीण म्हणाली की हे तीन वर्षे आधी झाले असते तर निकाल वेगळा लागला असता. तिचे म्हणणे मला पटले होते.

आटपाडीकर

लहान प्रतिसाद देतो, कारण कामावरून लिहीत आहे. त्यांचे शालेय शिक्षण आमच्या आटपाडीत झाले. माणदेशातून पोटासाठी मुंबईला गेलेल्या पिढीतले ते एक, पुण्यात बी. कॉम. करून मुंबईला नोकरी आणि मग पूर्ण वेळ जनसंघाचे काम, असा त्यांचा मार्ग होता. निवडणुकीच्या दिवसांत आमच्या पारावर बोरिवलीची बातमी सांगली जिल्ह्याच्या बातमीच्या आधी वाचली जाई.

साने_गल्लीतला_समाजवादी

मी त्यांना एकदाही मत दिलेले नाही. १९७७ मध्ये याच उत्तर मुंबईतून मृणाल गोरे निवडून आल्या तेव्हा मी त्यांच्या प्रचारात होतो, आणि पाण्यासाठी हंडे घेऊन निघालेल्या मोर्च्यांत माझी आई होती. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत जे घडले त्यानंतर तर भारतीय जनता पक्षाच्या उमेदवारापुढे शिक्का मारणे मला शक्यच नव्हते. तरीही गोरेगाव प्रवासी संघ त्यांनी १९६४ मध्ये, म्हणजे आमदारकीच्या चौदा वर्षे आधी उभा केला होता, याची आठवण आमच्याच घरात ठेवली जाई. त्या काळात लोकलच्या प्रवाशांची बाजू घेऊन रेल्वेच्या अधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार करणे हे अत्यंत नीरस आणि बिनफायद्याचे काम होते.

माझा खरा मतभेद खासदार निधीविषयी आहे. खासदारांना आपल्या मतदारसंघातील कामे सुचवता यावीत यासाठी निधी असावा, ही मागणी त्यांनी लावून धरली आणि २३ डिसेंबर १९९३ रोजी नरसिंह राव यांच्या सरकारने ती योजना जाहीर केली. आरंभी ती काही लाखांची होती, मग वर्षाला एक कोटी, १९९८ पासून दोन कोटी आणि २०११ पासून पाच कोटी रुपये झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती वैध ठरवली, हे मला मान्य आहे. परंतु संसद सदस्याने सरकारच्या खर्चावर लक्ष ठेवायचे असते. तोच जर समाजमंदिर आणि बसथांबे सुचवू लागला, तर त्याच्या नावाची पाटी लागते आणि नगरसेवकाचे काम लोक त्याच्याकडून मागू लागतात. ज्याने स्वतः लोकलेखा समितीचे अध्यक्षपद सांभाळले, त्याच्याकडून ही मागणी यावी याचे मला दुःख होते.

याच्या उलट, ज्या कामासाठी मी त्यांना मनापासून मानतो त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. तान्ह्या मुलांसाठी स्तनपानाला उत्तेजन मिळावे आणि डब्यातल्या दुधाच्या जाहिरातींना आळा बसावा म्हणून त्यांनी खासगी विधेयक मांडले होते, आणि पुढे सरकारनेच १९९२ मध्ये त्याविषयीचा कायदा केला. माझी पत्नी बालवाडीत शिकवत असे. गुबगुबीत बाळाचे चित्र असलेले डबे पाहून मजूर बाया अर्धा पगार त्यावर घालवत आणि दूध पुरावे म्हणून त्यात पाणी वाढवत, हे तिने रोज पाहिले होते. कायद्यानंतर डब्यावरचे ते बाळ दिसेनासे झाले. विरोधी बाकावर बसून एखाद्या खासदाराने एवढे घडवणे, हे मला दहा समाजमंदिरांहून मोठे वाटते.

बोरिवलीची_लेक

तुमचा प्रतिसाद वाचून मी लगेच गठ्ठा सोडला. १९९४ च्या कार्यवृत्तात खासदार निधीच्या परिच्छेदापुढेच वडिलांनी 'बघू' असे लिहिलेले आहे. पहिल्या वेळी मी ते कशापुढे आहे हे नीट पाहिलेच नव्हते. संसदेच्या अधिवेशनात १९९२ पासून 'जन गण मन' आणि 'वंदे मातरम्' होऊ लागले, त्या नोंदीपुढे मात्र त्यांनी दोन बरोबरच्या खुणा केल्या आहेत.

कांदिवलीची_सुगरण

सिलिंडरचा विषय कोणी काढला नाही म्हणून लिहिते; कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये जेवढे होईल तेवढे. माझ्या लग्नानंतर आम्ही गॅससाठी नाव नोंदवले आणि त्या नोंदणीची पिवळी चिठ्ठी मी देव्हाऱ्याच्या खणात जपून ठेवली होती. आठ वर्षे रॉकेलच्या स्टोव्हवर स्वयंपाक केला. पिन मारताना भडका उडून माझी एक भुवई जळाली होती. १९९९ च्या ऑक्टोबरात ते पेट्रोलियम मंत्री झाले तेव्हा देशभरात एक कोटीहून अधिक लोक माझ्यासारखेच प्रतीक्षायादीत होते, आणि पुढच्या काही वर्षांत ही यादीच संपली. आमचा नंबर लागला त्या दिवशी सासूबाईंनी नव्या शेगडीला हळदकुंकू वाहिले आणि पहिला चहा वितरकाच्या माणसाला दिला. माझे मत २००४ मध्येही त्यांनाच होते आणि २००९ मध्येही.

जमाखर्च

पेट्रोलियम मंत्रालयाचा उल्लेख आला आहे तर २००२ चे पेट्रोलपंप वाटपाचे प्रकरणही नोंदवले पाहिजे. वाटपात राजकीय नातेवाइकांना झुकते माप मिळाल्याचे आरोप झाले आणि ऑगस्ट २००२ मध्ये वाजपेयी सरकारने जानेवारी २००० पासूनचे वाटप सरसकट रद्द केले. तो सरसकट निर्णय पुढे सर्वोच्च न्यायालयाने टिकू दिला नाही. प्रामाणिकपणाची ख्याती असलेल्या मंत्र्याच्या कारकिर्दीत हे घडले, याचा त्यांच्या समर्थकांनाही त्रास झाला होता. दुसऱ्या बाजूला कारगिलच्या हुतात्म्यांच्या कुटुंबीयांना त्यांच्याच काळात पंप आणि गॅस एजन्सी देण्यात आल्या. तसेच सरकारी तेल कंपन्या विकण्याला मंत्रिमंडळात राहून त्यांनी विरोध केला, हे उजव्या पक्षाच्या मंत्र्याकडून मला अपेक्षित नव्हते. त्या वेळी मी एका तेल कंपनीच्या हिशेब विभागात होतो आणि सप्टेंबर २००३ मध्ये संसदेच्या मंजुरीशिवाय विक्री करता येणार नाही असा न्यायालयाचा निकाल आला, तेव्हा आमच्या मजल्यावर पेढे वाटले गेले.

डहाणूची_चिकूवाडी

आमच्याकडे ते कधी उमेदवार नव्हते, तरी आमच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत चांगले काम पराभवानंतरचे आहे. तारापूर अणुऊर्जा प्रकल्पाच्या तिसऱ्या व चौथ्या टप्प्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली, त्यांच्या पुनर्वसनासाठी त्यांनी न्यायालयात दाद मागितली. विरारच्या पुढे लोकल यावी यासाठीही ते मागे लागलेले होते. १६ एप्रिल २०१३ रोजी पहिली लोकल डहाणूला आली, तेव्हा त्यांची खासदारकी जाऊन नऊ वर्षे होत आली होती. फलाटावर आमची सगळी आळी जमली होती. काहींनी इंजिनाला चिकूच्या पानांचे तोरण बांधले.

मालाडची_शेंडेफळ

माझे पहिले मत २००९ चे. आमच्या एकाच घरात तीन पक्षांना मते गेली, हे नंतर हळूहळू कळले. आजी नाईकांची, काका काँग्रेसचे आणि दादा मनसेचा. संजय निरुपम जिंकले ते ५,७७९ मतांनी, आणि मनसेच्या उमेदवाराला १ लाख ४७ हजारांहून अधिक मते पडली होती. १६ मे रोजी फेऱ्यांमागून फेऱ्या जाहीर होत होत्या आणि आजी मांडीवर पाटी घेऊन खडूने आकडे लिहीत होती. शेवटची वजाबाकी तिने दोनदा केली. नंतर दादाकडे पाहून काहीही न बोलता तिने पाटी पुसली आणि ती वाटाणे सोलायला बसली. दादा त्या दिवशी जेवला नाही. २०१३ च्या सप्टेंबरात राम नाईक यांनी यापुढे निवडणूक लढवणार नाही असे जाहीर केले, तेव्हा आजी अंथरुणावर होती. तिला मी बातमी वाचून दाखवली. २०१४ मध्ये त्याच मतदारसंघातून गोपाळ शेट्टी साडेचार लाखांच्या आसपास मताधिक्याने आले आणि नाईक उत्तर प्रदेशचे राज्यपाल झाले, हे पाहायला ती राहिली नाही.

जमाखर्च

शेंडेफळ, तुमच्या आजीची पाटी जपून ठेवली आहे का?

मालाडची_शेंडेफळ

आहे. दादानेच ठेवली आहे.

साने_गल्लीतला_समाजवादी

लेकीबाई, कार्यवृत्तांचा तो गठ्ठा रद्दीत जाऊ देऊ नका. आपल्या खासदाराने काय सांगितले ते कुठेही मिळेल, परंतु एका मतदाराने ते वर्षानुवर्षे कसे तपासले हे दुसरीकडे मिळणार नाही. एखादे सार्वजनिक ग्रंथालय ठेवून घेण्यास तयार असेल तर द्या, पण आधी समासासकट प्रत्येक पानाची छायाचित्रे काढून ठेवा.

बोरिवलीची_लेक

रविवारी सुरुवात करते. २००४ च्या कार्यवृत्तात मधल्या पानावर खूण म्हणून एक जुनी मतदार स्लिप ठेवलेली आहे, तीवर आईचे नाव आहे. अक्षर गुजराती आहे आणि मला वाचता येत नाही.

दहिसरकर

त्या अक्षराला खालून शेपूट आहे का, ते बघून सांगा.