आरटीईत नंबर लागूनही पडताळणीत नाव कापलं, तर अपील करायचं का सोडून द्यायचं?

नीलमनगरचा_मामा
सोलापुरातल्या पालकांसाठी मुद्दाम लिहायलोय. माझ्या भाचीचा आरटीईत (शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळेत ठेवलेल्या २५ टक्के फुकट जागांत) पहिलीला नंबर लागला, पहिल्याच यादीत, अक्कलकोट रोडकडची शाळा. दाजी गारमेंटला शाळेचे युनिफॉर्म शिवतात, बहीण घरी विड्या वळते, त्यामुळं घरात किती आनंद झाला असेल ते सांगायला नको. पडताळणीला गेले तर टेबलावरच्या साहेबांनी मॅप उघडला, अर्जात घराची जागा दाखवणारा लाल बलून बघितला, लाईट बिलावरचा पत्ता बघितला, "पत्ता जुळत नाही, अपात्र" म्हणले आणि पुढच्याला बोलावलं. झालंय काय तर फॉर्म नेट कॅफेत भरलेला, बलून घरावर न पडता मागच्या गल्लीत पडलाय. पण घरापासून मोजा नाहीतर त्या गल्लीपासून मोजा, शाळा दोन्हीकडून एक किलोमीटरच्या आतच येतीय, आणि प्राधान्य तर त्या अंतरावरच ठरतंय. म्हणजे बलून सरकल्यामुळं आमचा नंबर वर गेला असं काही झालेलंच नाही. बहिणीनं विचारलं लेखी द्या म्हणून, तर म्हणले लेखी काही मिळत नसतंय.

माझं मत असं की अशा वेळी प्रत्येकानं अपील केलंच पाहिजे. शाळा मोठी आहे म्हणून नाही. कारण न देता पोराचं नाव कापायचं आणि आईबापानं मान खाली घालून परत यायचं, हे दर वर्षी चाललंय आणि आपण गप बसतो म्हणूनच चाललंय. बाकीच्यांना काय वाटतं ते सांगा, विरोधात असलं तरी चालेल.

गुरुजी_दक्षिण_सोलापूर
मामा, तळमळ समजते पण मी विरोधात बोलणार. आयुष्य जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलं माझं. ह्या २५ टक्क्यांच्या मागं लागून लोक एप्रिल ते जुलै पोराला लटकत ठेवतात, शाळा १५ जूनला सुरू होते आणि ह्यांचं अजून "यादीत नाव येतंय का बघू" चाललेलं असतं. पोर घरात मोबाईल बघत बसतं. त्यातून प्रवेश मिळाला तरी तो आठवीपर्यंतच फुकट. नववीला तीच शाळा पूर्ण फी मागणार, तेव्हा गारमेंटच्या पगारात कुठून आणायची? नववीत शाळा बदलावी लागलेली मुलं मी बघितलीत, मैत्रिणी सुटतात, माध्यम बदलतं, दहावी तोंडावर असते. त्यापेक्षा घराजवळच्या महापालिकेच्या शाळेत नाव घाला. आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. सरकारी शाळेत शिक्षणच नाही असं समजून धावत सुटू नका. आपलीच माणसं पोरं काढून घेतात, मग पट कमी होतो आणि पट कमी म्हणून शाळा बंद करायची भाषा सुरू होते.

नीलमनगरचा_मामा
गुरुजी, तुमचा मान ठेवून बोलतो. सरकारी शाळा वाईट असं मी कुठंच म्हणलो नाही, मी स्वतः महापालिकेच्या शाळेत शिकलोय. पण कुठली शाळा चांगली हा प्रश्न वेगळा आणि कायद्यानं मिळालेली जागा कारण न देता काढून घेतली हा वेगळा. पहिला प्रश्न बहीण आणि दाजी ठरवतील. दुसऱ्यात त्यांना उत्तर मिळालं पाहिजे. नववीचं म्हणता ते खरंय, त्याचं उत्तर माझ्याकडं आज नाही. पण आठ वर्षांनी फी परवडणार नाही म्हणून आजची जागा सोडा, हे पटत नाही मला.

वेटिंगवरचा_बाप
मला राग येणार आहे का तुमचा ते बघा, पण बोलतो. माझा मुलगा वेटिंगवर आहे. नियमात बसत नाही त्याची जागा गेली की आमचा नंबर सरकतो. तुम्ही अपील करून ती जागा अडकवून ठेवली तर आमच्या पोरानं काय करायचं? जुळे सोलापुरात काय चालतं सगळ्यांना माहितीये, राहायचं एकीकडं आणि शाळेजवळचा भाडेकरार दाखवायचा, बलून शाळेच्या गेटवर टाकायचा म्हणजे एक किलोमीटरच्या यादीत नाव येतंय. असल्या लोकांमुळं खरे पालक मागं पडतात. पडताळणीत कडक राहिले तर चांगलंच आहे. आणि अजून एक, आम्ही ओपनमधले, आम्हाला वर्षाला १ लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो. महिन्याला साडेआठ हजारसुद्धा होत नाहीत ते. दाखला काढताना तलाठ्यापासून तहसीलपर्यंत सगळे संशयानं बघतात. एवढं करून वेटिंग.

विडीघरकुलची_आई
@वेटिंगवरचा_बाप दादा, खोटा करार करणाऱ्यांवर कारवाई झालीच पाहिजे, त्याला कुणाचा विरोध नाही. पण मामांनी लिहिलंय ते नीट वाचा की. त्यांचं अंतर बदलतच नाही. ही चूक आहे, फसवणूक नाही, आणि दोन्हीला एकच शेरा मारतेत हाच तर त्रास आहे. आमच्याकडं बायका विड्या वळून फॉर्म भरायला जातेत, त्यांना लॉगिन पासवर्ड पण माहीत नसतो, कॅफेवाला जे टाकील ते. मॅप मोठा करून दाखवा म्हणायला पाहिजे हे कुणी सांगितलेलंच नसतंय.

आमचा अनुभव सांगते. पडताळणीत आमचं सगळं बरोबर निघालं, पुढं शाळेत गेलो तर तिथल्या मॅडम म्हणल्या मुलाला घेऊन या, जरा बोलून बघू, इंग्लिश समजतं का ते. माझा भाऊ सोबत होता. तो म्हणला मॅडम हे लेखी मागा, आम्ही घेऊन येतो. मॅडम आत जाऊन आल्या आणि फॉर्म दिला. आज पोरगा दुसरीत आहे, इंग्लिश समजायलंय त्याला.

कोर्टातली_ताई
ह्या धाग्यावर नेमकं काय ते लिहिते, कारण अर्धे वाद माहिती नसल्यामुळं होतात.

वर शाळेतल्या मॅडम मुलाशी बोलून बघू म्हणल्या तो प्रकार आरटीई कायद्याच्या कलम १३ मध्ये येतो. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी घेता येत नाही, पहिल्या वेळेला २५ हजारांपर्यंत दंड आणि नंतर दर वेळेला ५० हजारांपर्यंत. वयाचा दाखला नाही म्हणून नाकारता येत नाही, ते कलम १४. आता मामांचा मुद्दा. आपण सगळे "अपील" म्हणतो पण पहिली पायरी तक्रारीची असते. कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडं लेखी तक्रार द्यायची, शहरात असाल तर महापालिका. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडं अपील. पण तीन महिने थांबलात तर फेऱ्या संपतील, म्हणून त्याच दिवशी शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावानं वेगळा अर्ज द्या की निर्णय होईपर्यंत ही जागा पुढच्या फेरीत देऊ नये. दोन्ही अर्जांची आवक शिक्क्याची पोच घ्या. पोच नसली तर तो अर्ज दिलाच नव्हता असं धरा.

अर्जात रडगाणं नको. मुलीचं नाव, अर्ज क्रमांक, कुठल्या तारखेला कुणी काय सांगितलं, आणि मुख्य मुद्दा एका वाक्यात: प्रत्यक्ष घरापासूनचं अंतर आणि अर्जातलं अंतर दोन्ही एक किलोमीटरच्या आत असल्यानं प्रवेशाच्या प्राधान्यक्रमात फरक पडत नाही. सोबत दोन्ही ठिकाणांपासूनच्या मॅपची प्रिंट आणि लाईट बिल. घर भाड्याचं असेल तर मात्र करार दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेला लागतो, नुसती नोटरी चालत नाही आणि अर्ज भरल्यानंतरच्या तारखेचा तर अजिबात चालत नाही. तिथं अडलेल्यांना मी खोटी आशा देणार नाही.

शाळेच्या_ऑफिसातून
मी एका खासगी शाळेत क्लार्क आहे, शाळा कुठली ते सांगत नाही. सगळे शाळांना शिव्या घालतात म्हणून आमची बाजू लिहितो. आरटीईतल्या एका मुलामागं शाळेला द्यायला सरकार वर्षाला १७,६७० रुपये ठरवतं, आणि ते वेळेवर येत नाहीत. आमच्यासारख्या लहान संस्थेत त्यातूनच शिक्षकांचे पगार काढायचे असतात. ज्यांना अल्पसंख्याक दर्जा आहे त्या शाळांना २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळं आरटीई लागू नाही, सोलापुरात भाषिक आणि धार्मिक अल्पसंख्याक संस्था भरपूर, म्हणजे सगळा भार उरलेल्या शाळांवर. त्यात प्रत्येक पालक अपील, तक्रार, आयोग करत बसला तर जून महिना आम्ही फक्त खुलासे लिहायचे का? पालकांनी शाळेशी बोलून मिटवावं, कागदी घोडे नाचवू नयेत.

कोर्टातली_ताई
पैसे थकतात हे खरं आहे आणि त्यासाठी संस्थांनी सरकारशी भांडावं, मी पाठिंबा देईन. पण थकलेल्या पैशाचा हिशोब सहा वर्षाच्या पोराकडून घ्यायचा नाही. आणि "बोलून मिटवा" हे ज्याला बोलता येतं त्याच्यासाठी ठीक. विडी वळणारी बाई शाळेच्या केबिनमध्ये किती बोलणार? तिच्या बाजूनं कागदच बोलतो.

अजून एक आठवण करून देते. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारनं नियम बदलून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला आरटीईतून सूट दिली होती. सोलापुरात कुठंही उभं राहा, एक किलोमीटरमध्ये महापालिकेची किंवा अनुदानित शाळा असतेच, म्हणजे शहरातला जवळजवळ सगळा कोटा गेला असता. पालक आणि संघटना हायकोर्टात गेल्या, मे महिन्यात स्थगिती आली आणि १९ जुलैला ते नियम रद्द झाले, ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच कायम ठेवलं. तेव्हा "आता काही होत नाही" म्हणून सगळे गप बसले असते तर हा धागा लिहायची वेळच आली नसती, जागाच नसत्या.

गुरुजी_दक्षिण_सोलापूर
ताई, त्या निकालाचं मला कौतुक आहे. तरी माझी शंका राहतेच. एवढी ताकद, एवढे वकील, एवढी निवेदनं पालकांनी महापालिकेच्या शाळेत वर्गाला शिक्षक द्या, संडास नीट करा ह्यासाठी लावली असती तर? २५ टक्के पोरं पलीकडं गेली, उरलेल्यांचं कोण बघणार? मामांच्या भाचीला न्याय मिळू दे, मी आडवा येत नाही. पण एवढं तरी करा, तक्रार चालू असताना तिला घरी बसवू नका. सरकारी शाळेत कधीही नाव घालता येतं, वर्ग सुरू झाल्यावरसुद्धा. आमच्याकडं दाखल करा, निकाल लागला की जाऊ दे.

नीलमनगरचा_मामा
गुरुजी हे मात्र पटलं. भीती एकच होती की दुसरीकडं नाव घातलं तर "ह्यांचा प्रवेश झालाय" म्हणून तक्रार निकालात काढतील.

कोर्टातली_ताई
तक्रारीतच लिहून टाका की मुलीचं शिक्षण थांबू नये म्हणून तात्पुरता प्रवेश घेत आहोत, मूळ जागेवरचा हक्क सोडलेला नाही. लपवू नका, आधीच लिहिलं की त्यांना हरकत काढायला जागा राहत नाही.

वेटिंगवरचा_बाप
मी परत एकदा वाचलं सगळं. अंतर दोन्हीकडून आतच असेल तर मामांची जागा मामांचीच आहे, तिथं मी हक्क सांगत नाही. माझा विरोध खोट्या पत्त्यांना होता आणि तो राहणार. पण माझा प्रश्न सुटला नाही, तक्रारीमुळं जागा थांबली आणि शेवटी मामांचं अपील फेटाळलं तर ती जागा वेटिंगला मिळणार का फेऱ्या संपल्या म्हणून तशीच रिकामी राहणार? रिकामी राहिली तर दोन पोरांचं नुकसान.

नीलमनगरचा_मामा
दादा, आमच्या अर्जात ही ओळ मी स्वतः घालायला लावतो: तक्रार फेटाळली तर जागा रिकामी न ठेवता त्याच शाळेच्या प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलाला द्यावी. तुम्ही पण तुमच्या नावानं तसाच अर्ज द्या, दोन्हीकडून मागणी गेली तर त्यांना दुर्लक्ष करणं अवघड जाईल. सोमवारी अकराला मी महापालिकेत जाणारच आहे, यायचं असेल तर या, सोबतच पोच घेऊ.

विडीघरकुलची_आई
मामा जायच्या आधी एक बघा, दाजींचा जातीचा दाखला आणलाय का? पद्मशाली असाल तर एसबीसीत (विशेष मागास प्रवर्गात) येता, मग उत्पन्नाचा दाखला लागत नाही, पण दाखला महाराष्ट्रातलाच लागतो, तेलंगणाकडचा घेत नाहीत. आमच्या गल्लीत एकीचं तिथंच अडकलं. बाकी सगळं नीट करून ह्या कारणावर परत पाठवायला नकोत.

नीलमनगरचा_मामा
आहे ताई, सोलापूरचाच आहे, वडिलांच्या नावानं. पडताळणीत तो पास झालाय, फक्त पत्त्यावर अडवलंय.

रेनगर_कुंभारी
आमचा पण असाच प्रॉब्लेम आहे, पण आमचं घर कुंभारी ग्रामपंचायतीत येतंय आणि शाळा शहरातली. आम्ही तक्रार महापालिकेत द्यायची का पंचायत समितीत? दोन्हीकडचे एकमेकांकडं बोट दाखवायलेत.

कोर्टातली_ताई
दोन्हीकडं द्या. एक अर्ज दक्षिण सोलापूरच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना, दुसरा महापालिकेच्या शिक्षण विभागाला, आणि प्रत्येकावर "प्रत माहितीसाठी" म्हणून दुसऱ्या ऑफिसचं आणि जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांचं नाव टाका. खाली एक ओळ लिहा की हे प्रकरण आपल्या अखत्यारीत येत नसल्यास तसं लेखी कळवावं आणि अर्ज योग्य कार्यालयाकडं पाठवावा. तिन्ही पोच जपून ठेवा, आयोगाकडं जायची वेळ आली तर पहिल्यांदा त्याच मागतील.