अनुभव धागा : किनाऱ्या-किनाऱ्याने जलदुर्ग बघायची सहल तुम्ही कशी आखलीत?

गेल्या वर्षी आम्ही ही सहल नकाशावर आखली. किल्ल्यांवर खुणा केल्या, अंतरं मांडली, मुक्काम ठरवले आणि अलिबागला सकाळी अकराला पोचलो. कुलाबा किल्ल्याला चारही बाजूंनी पाणी. वारा असल्यामुळे होड्याही लागत नव्हत्या. माझी मुलगी आठवडाभर सगळ्यांना सांगत होती की आपण समुद्रातून चालत किल्ल्यात जाणार. ती वाळूत बसून राहिली.

चहाच्या टपरीवर एका आजोबांनी विचारलं, "आज तिथी कोणती?" आम्हाला ठाऊकच नव्हती. त्यांनी सांगितलं, पौर्णिमा काल झाली, आज प्रतिपदा. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती पुरी होते. एकाची पाऊणपट पाऊण, म्हणजे पाऊण वाजता भरती. ओहोटी त्याच्या सहा तास आधी, तुम्ही अंथरुणात असताना झाली.

यंदा अलिबाग ते मालवण जायचं आहे, सहा दिवस, सोबत सासूबाई आणि दोन मुलं. म्हणून हा धागा. तुम्ही काय केलंत, कुठे वेळ कमी पडला, काय चुकलं, ते सविस्तर लिहा. राहण्या-जेवणाची माहिती कुठेही मिळते, इथे किल्ला, पाणी आणि वाट यांच्याबद्दल हवं आहे.

*

माहेर अलिबागजवळ

पाऊणपटीचा हिशोब बरोबर आहे, पण तो वेळ सांगतो, पाणी किती हटेल ते सांगत नाही. अष्टमीला हिशोबाने सहाला भरती आणि बाराला ओहोटी येते, म्हणून लोक अष्टमीची दुपार धरतात. पण अष्टमीच्या आसपास भांग असते. भरती मोठी चढत नाही, तशी ओहोटीही खोल जात नाही, आणि ऐन ओहोटीलाही वाटेत पाणी राहतं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी लांबवर हटतं, पण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी. मधल्या तिथ्या बघा. तृतीयेला सव्वाआठला, चतुर्थीला नवाला, पंचमीला पावणेदहाला ओहोटी. आम्ही पाहुण्यांना याच तिथ्यांना बोलावतो. निघायच्या आधी भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रकही बघा, पाऊणपट म्हणजे शेवटी अंदाजच.

ओहोटीच्या तासभर आधी चालायला लागा आणि पाणी वळलं की गप्पा मारत थांबू नका. येताना वाळू सगळीकडे सारखी दिसते, पण मधे सखल पट्टे आहेत, ते आधी भरतात. खडकांवर कालवं चिकटलेली असतात, पाय कापतो. मुलांना पट्टा असलेल्या चपला घाला.

किल्ल्याला घाईत प्रदक्षिणा घालून परतू नका. शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधायला घेतलेला हा किल्ला पुढे मराठा आरमाराचे प्रमुख असलेल्या आंग्र्यांचं मुख्य ठाणं झाला. आतलं गणपतीचं देऊळ राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलं. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या जागी गोड्या पाण्याचा तलाव आहे, त्याच्या काठावर दहा मिनिटं बसा. माझी आजी इथे आली की ते पाणी डोळ्यांना लावायची. आणि परत अलिबाग गावात आलात की कान्होजी आंग्र्यांची समाधी बघा. बरेच जण किनाऱ्यावरूनच पुढे जातात, ते मला लागतं.

*

पुण्याहून, दोघं मोटरसायकलवर

आमचा सगळ्यात चांगला दिवस यादीत नसलेल्या ठिकाणी गेला. अलिबागहून मुरुडला निघालो होतो, रेवदंड्यात रस्ता किल्ल्याच्या तटातून आत शिरला आणि आम्ही थांबलो. पोर्तुगिजांचं गाव होतं हे. आज नारळी-पोफळीच्या वाड्यांमधे चर्चच्या भिंती उभ्या आहेत. वाडी कुणाच्या तरी घरची असते, विचारून आत गेलो, कुणी नाही म्हटलं नाही.

कुंडलिकेच्या पलीकडे कोर्लई. किल्ला समुद्रात घुसलेल्या लांबट डोंगराच्या पाठीवर आहे, एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र. दीपगृहापासून पायऱ्यांनी चढलो. पण मला सांगायचं आहे ते खालच्या गावाबद्दल. एका अंगणात दोन बायका मासळी निवडत बोलत होत्या. मराठीच आहे असं वाटलं आणि एकही शब्द कळेना. त्यांनी सांगितलं, ही आमची भाषा, नो लिंग. 'नो लिंग' म्हणजेच 'आपली भाषा'. पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली. पोर्तुगिजांच्या हातून हा मुलूख १७४० मध्ये गेला, आणि भाषा अजून अंगणात मासळी निवडते आहे. आम्ही किल्ल्यावर तासभर होतो आणि त्या अंगणात दोन तास. त्या दिवशी मुरुडला पोचलोच नाही. सहा दिवसांत एक दिवस असा मोकळा ठेवाच.

*

चार वेळा हा रस्ता केलेला

फेरीबोटींचा क्रम उत्तरेकडून लिहून ठेवा : आगरदांडा–दिघी, वेश्वी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. गाडी बोटीवर चढते, तुम्ही उतरून कठड्याशी उभं राहायचं. एखादी चुकली तर खाडीला वळसा पडतो. दाभोळहून गुहागरला रस्त्याने जायचं तर चिपळूण गाठावं लागतं, अर्धा दिवस जातो. शेवटची फेरी किती वाजता ते आदल्या दिवशी फोन करून विचारा. पुलांची कामं सुरू आहेत, तेही त्याच फोनवर कळेल. पेट्रोल दिसेल तिथे भरा.

*

ठाण्याहून, आई आणि सहा वर्षांच्या मुलासोबत

धागाकर्तीच्या सासूबाईंसाठी मुद्दाम लिहितेय. जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होडीने गेलो. होडी दरवाज्याच्या पायऱ्यांशी लागते पण स्थिर राहत नाही, लाटेबरोबर वर-खाली होते. नावाड्याने हात धरायचा, "आता!" म्हणायचं आणि आपण पायरीवर पाऊल टाकायचं. माझ्या आईचे गुडघे दुखतात, तिला दोघांनी धरून घेतलं. येताना पाणी उतरलं होतं, पायरी आणि होडी यांच्यातलं अंतर वाढलं होतं आणि ती घाबरली. भरती असताना जा, चढ-उतार सोपा होतो. म्हणजे कुलाब्याला ओहोटी हवी आणि जंजिऱ्याला भरती. एकाच दिवशी दोन्ही साधतात, कारण ओहोटीनंतर सहा तासांनी भरती असतेच.

आम्हाला आत पाऊण तास मिळाला. तो कलालबांगडी तोफेपाशी फोटो काढण्यात संपला आणि दरवाज्यावरचं शिल्प, ते हत्तींना पंजात आणि शेपटीत धरलेलं जनावर, मी नीट पाहिलंच नाही. आधी दरवाजा बघा. सिद्दींचा हा किल्ला कुणालाच जिंकता आला नाही. संभाजी महाराजांनी राजपुरीच्या बाजूने खाडीत भराव घालून वाट करायचा प्रयत्न केला होता, ते अंतर होडीत बसल्यावर कळतं.

दुसऱ्या दिवशी आई खोलीवर थांबली आणि मी पद्मदुर्गाला गेले. शिवाजी महाराजांनी जंजिऱ्यावर वचक ठेवायला बांधलेला. होडी ठरवून करावी लागते आणि समुद्र शांत लागतो. तटाच्या भिंतीजवळ गेले आणि हात लावून उभी राहिले. साडेतीनशे वर्षं लाटांनी दगड झिजवला, तो आत गेला आहे, आणि दोन दगडांमधला चुना तसाच उभा आहे. भिंत मधाच्या पोळ्यासारखी दिसते, दगडाच्या जागी खळगे आणि भोवती चुन्याच्या कडा. माझं बोट पेरापर्यंत आत गेलं. तो चुना कुणी मळला असेल त्याचं नाव आपल्याकडे नाही. मला रडू आलं, खरं सांगते.

*

दापोलीकडचा

हर्णै बंदरातून सुवर्णदुर्गाला जायचं तर सकाळ धरा, दुपारनंतर वारा वाढतो. होडी वाळूत लागते, घोटाभर पाण्यात उतरावं लागतं. दरवाजा जवळ जाईपर्यंत दिसत नाही. उंबऱ्यापाशी कासव कोरलं आहे आणि बाजूच्या भिंतीवर मारुती. आत झाडी खूप, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. किनाऱ्यावरचा कनकदुर्गही बघा, तिथून सुवर्णदुर्गाचा आकार कळतो. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव असतो.

२०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत जे बारा किल्ले गेले, त्यांतले चार समुद्रावरचे : खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. सहाच दिवस असतील तर हे चार खांब धरा आणि बाकीचे मधे बसवा.

*

विज्ञान शिकवते, मुक्काम कोल्हापूर

विजयदुर्गाला होडी लागत नाही, गाडी दरवाज्याजवळ जाते, त्यामुळे वयस्कर माणसांना बरोबर घ्यायला हा किल्ला उत्तम. पावसाळ्यात जलदुर्गांच्या होड्या बंद असतात तेव्हाही कोर्लई, जयगड, पूर्णगड, रत्नदुर्ग, विजयदुर्ग असे गाडीने होणारे किल्ले उरतात.

इथल्या ओट्यांवर तुम्हाला सांगतील की हेलियमचा शोध या जागी लागला. माझ्या विद्यार्थ्यांना मी त्याच ओट्यांवर बसवून पूर्ण हकीकत सांगते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली याच किनाऱ्यावरून भारतात शिरली आणि देश ओलांडून पूर्व किनाऱ्याकडे गेली. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी ते ग्रहण गुंटूरहून पाहिलं. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट इतका ठळक होता की ग्रहण नसतानाही तो दिसेल हे त्यांच्या लक्षात आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियर यांनी इंग्लंडमधून, ग्रहणाविना, त्या वर्णपटात एक पिवळी रेषा पाहिली. ती कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याशी जुळेना, ती हेलियमची होती. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ मध्ये, रॅम्झी यांच्या प्रयोगशाळेत. विजयदुर्ग त्या सावलीच्या वाटेवरचं गाव आहे, आणि हा मान मला पुरेसा मोठा वाटतो. मुलांना खरी गोष्ट सांगितली की ती जास्त प्रश्न विचारतात.

आरमाराच्या दृष्टीने मात्र ही दुःखाची जागा. १७५६ च्या फेब्रुवारीत, पेशव्यांशी हातमिळवणी करून आलेल्या इंग्रजांच्या माऱ्यात तुळाजी आंग्र्यांची जहाजं इथे जळाली. वाघोटण खाडीकडच्या तटावर उभं राहून मी दरवेळी गप्प होते.

*

रत्नागिरीहून, थोडक्यात

थिबा राजवाड्यासाठी सोमवार धरू नका, संग्रहालय बंद असतं. ब्रह्मदेशच्या राजाने आयुष्याची शेवटची वर्षं इथे नजरकैदेत काढली, १९१६ मध्ये इथेच गेला. गच्चीवरून खाडी दिसते, तिथे थांबा.

*

मालवणची सून

सिंधुदुर्गाला सगळे जातात, म्हणून मी किनाऱ्यावरचं सांगते. होडीत बसायच्या आधी मोरयाचा धोंडा बघून या. खडकावर गणपती, चंद्र-सूर्य कोरले आहेत. २५ नोव्हेंबर १६६४ ला किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा झाली ती इथे. तिथून कुरटे बेट समोर दिसतं आणि बेटावर अजून काही नाही अशी कल्पना करता येते. मग होडीने जा. दरवाजा दोन बुरुजांच्या आड आहे, अगदी जवळ गेल्यावर उघडतो. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा, शिवराजेश्वराचं देऊळ, आणि दूधबाव, साखरबाव, दहीबाव या तीन विहिरी, एवढं तरी चुकवू नका. किल्ल्यात अजून घरं नांदती आहेत, लोकांच्या दारात उभं राहून फोटो काढू नका.

*

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री पंचांग घेऊन बसलो आणि सगळं उलटं मांडलं. मार्गशीर्ष शुद्ध तृतीयेला सकाळी कुलाबा, दुपारी दोनच्या भरतीला जंजिरा. वाटेत थांबायला वेळ उरत नाही, म्हणून कोर्लई दुसऱ्या दिवशी उलट फिरून, सबंध सकाळ. सासूबाई जंजिऱ्याची होडी बघून ठरवतील, विजयदुर्गाला त्या येणारच आहेत. मुलगी पाऊणपटीचा हिशोब पाठ करते आहे. तृतीयेला सव्वाआठला ओहोटी, म्हणजे सव्वासातला आम्ही अलिबागच्या वाळूत.