तुमच्या घरी कोणता पोपट आहे? अनुभव सांगा

लेक चौथीत आहे आणि तिला पोपट हवाय. आपला हिरवा कंठवाला राघू नको, हे घरात ठरलंय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पाळता येत नाही. मग परदेशी पोपटांपैकी बजी घ्यावा, कॉकाटील की कोन्यूर? आम्ही दोघं नोकरी करतो, घर वन बीएचके. ज्यांनी पाळलेत त्यांनी सविस्तर लिहा.

मृण्मयी_ठाणे
आमच्याकडे बजी आहेत. दुकानात त्यांनाच 'लव्हबर्ड' म्हणतात, पण खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे. बजी ऑस्ट्रेलियातला, वजन जेमतेम ३०-४० ग्रॅम. घेताना कपाळ बघा. बारीक काळ्या रेघा पार चोचीपर्यंत आल्या असतील तर पिल्लू लहान आहे आणि तेच माणसाळतं. तीन-चार महिन्यांनी पिसं झडली की रेघा मागे सरकतात. मोठा झाल्यावर नराच्या नाकपुड्यांभोवतीची कातडी निळी दिसते, मादीची तपकिरी किंवा पांढरट.

तुम्ही दिवसभर बाहेर असणार, तेव्हा एकटा ठेवू नका. दोन नर छान नांदतात, दोन माद्यांची जुंपते. नर-मादी घेतलीत तर पिंजऱ्यात मडकं टांगू नका, टांगलं की अंडी आलीच. पिंजरा उंच नको, आडवा लांब हवा, कारण हे आडवे उडतात. आम्ही राळे आणि बाजरी देतो, सोबत कोथिंबीर, मक्याचं कोवळं कणीस आणि कॅल्शियमसाठी समुद्रफेन (कटलबोन). प्लॅस्टिकच्या दांड्या काढून पेरूच्या फांद्या लावल्या. दिवसभर साल सोलत बसतात, चोचही झिजते.

सुहास_नाशिक
कॉकाटील खरं तर काकाकुव्याच्या कुळातला, पण स्वभावाने फार गोड. तुरा बघून मनातलं कळतं: ताठ उभा म्हणजे दचकलाय, किंचित मागे झुकलेला म्हणजे मजेत आहे. आमचे बाबा सकाळी शीळ घालतात, हा तोच सूर पकडून परत शीळ घालतो. पंधरा वर्षं सहज जगतो, म्हणजे लेक कॉलेजात जाईल तेव्हाही तो तुमच्याकडेच असणार. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. अंगावरून पांढरी भुकटी झडते, त्यामुळे घरात कुणाला दमा असेल तर घेऊच नका. आणि रात्री अंधारात दचकून पिंजऱ्यात धडपडतो, म्हणून छोटा दिवा लावून ठेवावा.

पुणेरी_पक्षीवेडी
सन कोन्यूर रंगाला भुलून घेतात लोक. फ्लॅटमध्ये नकोच, चार मजले ऐकू जातो. ग्रीन चीक कोन्यूर बराच शांत, पण चावरा, आणि त्याला रोज माणूस लागतो. शिवाय कोन्यूर साइट्सच्या (वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत येतात, त्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. बजी आणि कॉकाटील त्या यादीत नाहीत.

अनिकेत_लंडन
इथे आपला कंठवाला पाळायला परवानगी आहे, बागांमधून त्याचे थवेही उडतात. पंचवीस-तीस वर्षं जगतो, आणि वयात येताना काही काळ चावून हैराण करतो.

मृण्मयी_ठाणे
@अनिकेत, भारतात निळा किंवा पिवळा रिंगनेक (म्हणजे कंठवालाच) 'फॉरेन' म्हणून गळ्यात मारतात. जात तीच, फक्त रंग वेगळा, तेव्हा कायदाही तोच. घरट्यातून पडलेलं पिल्लू सापडलं तर स्वतः पाळत बसू नका, वनविभागाला १९२६ वर फोन करा.

डॉ_वैशाली
धागाकर्त्या ताई, तुमच्या घरासाठी मी बजींची जोडीच सुचवेन. पिंजऱ्याबाहेर सोडण्याआधी छताचा पंखा बंद करा, दर वेळी. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफेने पक्षी मिनिटांत दगावतो, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात नको. अव्होकाडो आणि चॉकलेट अजिबात नाही. पिसं फुगवून तळाशी बसलेला दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. पक्षी आजार लपवतात, आणि दिसतो तोवर बराच वाढलेला असतो.