मदत हवी आहे: बँडविड्थच्या बोली दोन फेऱ्यांत शून्यावर का येतात?

धागाकर्ता:
९०० एमबीपीएसची एक लिंक सहा व्हर्च्युअल नेटवर्कांत वाटायचं सिम्युलेशन आहे. पद्धत गणितज्ञ फ्रँक केली यांची: एकूण बोलीत ज्याचा जितका हिस्सा तितकी बँडविड्थ, आणि बोलीइतके पैसे भरायचे. सहाही जणांना एका एमबीपीएसचं मूल्य १ युनिट. इतरांच्या बोलींची बेरीज 'इ' धरली तर सर्वोत्तम बोली = √(९०० × इ) − इ; उत्तर ऋण आलं तर ०. नॅश समतोल (जिथे एकट्याने बोली बदलून कुणाचाच फायदा होत नाही) प्रत्येकी १२५ वर येतो. पण ५० पासून सुरुवात केली की पुढची फेरी २२४, त्यापुढची ०, आणि मग शून्याने भागाकार होऊन प्रोग्रॅम बंद पडतो. तीनच नेटवर्कं ठेवली की सगळं नीट चालतं! चुकतंय कुठे?

प्रतिसाद १:
सूत्र बरोबर आहे. गडबड सगळ्यांनी एकाच वेळी बोली बदलल्यामुळे होते. सुरुवातीला इ = २५०, लिंक स्वस्त दिसते, सहाही जण एकदम चढतात. लगेच इ ११२१ च्या वर जातो. इतरांची बेरीज ९०० च्या पुढे गेली की बोली लावून तोटाच, म्हणून सहाही जण एकदम माघार घेतात.

सारख्या मूल्याचे 'न' खेळाडू असतील तर समतोलापासूनचं अंतर दर फेरीला (न−२)/२ पट होतं आणि बाजू बदलतं. तिघांत ते निम्मं होतं, चौघांत जवळपास तेवढंच राहतं, सहांत दुप्पट. तीन नेटवर्कं चालण्याचं कारण हेच.

बोली पूर्ण बदलू नका, फरकाचा काही भागच मिळवा. तो भाग ४/न पेक्षा कमी हवा. २/न छान चालतो. तुमच्यासाठी १/३: ५० → १०८ → १२४, दोनच फेऱ्या. मूल्यं वेगवेगळी असतील तर हा आकडा फक्त सुरुवातीचा अंदाज. बोली डोलायला लागल्या की कमी करा. किंवा एकेकाने पाळीपाळीने बोली बदलायची.

प्रतिसाद २:
शून्याचा बंदोबस्त तरीही करा. ऑपरेटरची १ युनिटची राखीव बोली बेरजेत कायम धरा, आणि 'इ' मध्येही धरायला विसरू नका. मग सगळे शून्यावर आले तरी पुढची बोली √९०० − १ = २९ निघते आणि खेळ परत सुरू होतो. लिंकवरचं प्रत्यक्ष वाटप मात्र प्रत्येक फेरीला बदलू नका. सर्वांत मोठा बदल १ टक्क्याच्या आत आला की एकदाच लावा.

धागाकर्ता:
१/३ ने चाललं, आभार! प्रत्येकाला किमान ४० एमबीपीएसची हमी द्यायची असेल तर?

प्रतिसाद १:
ती अट बोलीत घालू नका. ४० च्या खाली उपयोग शून्य धरला की उपयुक्ततेत (बँडविड्थपासून मिळणाऱ्या मूल्यात) पायरी येते, ती अवतल (प्रत्येक वाढीव एमबीपीएसचं मूल्य आधीच्यापेक्षा जास्त नसलेली) राहत नाही, आणि समतोल असेलच याची खात्री जाते. आधी ६ × ४० = २४० बाजूला काढा, उरलेल्या ६६० वर बोली चालवा. नव्या नेटवर्कला प्रवेश देतानाच हमीची बेरीज क्षमतेत बसते का ते तपासा.

मूल्यं वेगळी असतील तेव्हा थोडी कार्यक्षमता जाते, हे गृहीत धरा. हमीशिवाय दोनच नेटवर्कं, मूल्यं २ आणि १: वाटप ६०० व ३००, एकूण मूल्य १५००; सगळं पहिल्याला दिलं असतं तर १८००. जोहरी आणि सित्सिक्लिस या संशोधकांनी २००४ मध्ये सिद्ध केलं की अवतल उपयुक्ततेत हा तोटा २५ टक्क्यांपलीकडे जात नाही.