बरोज बी5000 : वेगापलीकडचा स्टॅक

स्टॅकवर, म्हणजे शेवटी ठेवलेली संख्या आधी बाहेर येते अशा चळतीवर, चालणारी संगणक-यंत्रे प्रत्येक बेरजेसाठी मुख्य स्मृतीकडे धाव घेत, म्हणून ती संथ होती, हे मत बरोज कंपनीच्या बी5000 या संगणकाच्या बाबतीत मला अपुरे वाटते. 1961 साली जाहीर झालेल्या या यंत्रात स्टॅकचे वरचे दोन शब्द (यंत्र एकत्र हाताळते ती माहितीची एकके) ए आणि बी या रजिस्टरांत, म्हणजे प्रोसेसरमधल्या जलद साठवण-जागांत, असत. रॉबर्ट बार्टन यांच्या चमूने अल्गोल 60 ही प्रोग्रामिंग भाषा समोर ठेवून स्टॅकभोवती रचना केल्यामुळे गणिती आज्ञा स्टॅकच्या वरच्याच संख्यांवर चालत, त्यांना स्मृतीतला पत्ता द्यावा लागत नसे. 48 बिटांच्या एका शब्दात 12 बिटांच्या चार आज्ञा मावत. मला मात्र खरी थोरवी डिस्क्रिप्टरमध्ये दिसते: ॲरेचा (ओळीने साठवलेल्या मूल्यांच्या यादीचा) पत्ता आणि लांबी त्यात एकत्र असल्याने मर्यादेबाहेरचा निर्देशांक हार्डवेअरच अडवी, ही तपासणी प्रोग्रामरच्या शिस्तीवर सोडलेली नव्हती.