कांकालला मैत्रिणीसोबत जेवण: कच्ची कालवे मागवावीत का?

रेनवासी:
कामानिमित्त मी 2 वर्षांपासून फ्रान्समधील रेन शहरात राहते. ऑक्टोबरमध्ये माझी रत्नागिरीची बालमैत्रीण येत असून, तिला सँ-मालोजवळच्या कांकाल या बंदरगावी जेवायला न्यावे असे मनात आहे. ती पट्टीची मासेखाऊ आहे, परंतु तिच्या लेखी कालवे म्हणजे कांदा-खोबऱ्याच्या वाटपात शिजलेलीच. कच्चे कालव तिने कधी तोंडाला लावलेले नाही आणि खरे सांगायचे तर मीही नाही. तिथल्या रेस्टॉरंटांत बर्फावर रचलेले जे भलेमोठे ताट दिसते, ज्याला 'प्लातो द फ्रुई द मेर' म्हणतात, ते दोघींत एक मागवावे का? पैसेही वाया जाऊ नयेत आणि तिचा हिरमोडही होऊ नये. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

खाडीकाठचा:
पहिल्याच खेपेस ते ताट मागवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दिसायला ते देखणे असते, पण त्यातले जवळजवळ सगळे गार असते: कच्ची कालवे, उकडून निववलेल्या ब्यूलो नावाच्या समुद्री गोगलगायी, टाचणीने उकरून काढावे लागणारे इवलेसे बिगोर्नो, कोळंबी आणि तूर्तो हा जाड कवचाचा खेकडा. सोबतीला राय धान्याचा पाव, खारे लोणी, मेयोनेज आणि बारीक चिरलेला शॅलट, म्हणजे छोट्या कांद्याचा एक प्रकार, घातलेले व्हिनेगर, बस्स. गरम भात-कालवणावर वाढलेला माणूस अर्ध्या तासात कंटाळतो आणि ताट मात्र अर्धे उरलेले असते.

त्याऐवजी सुरुवातीला दोघींत 6 कालवे घ्या आणि मग प्रत्येकीने एकेक गरम पदार्थ मागवा. पाटीवर 'क्रझ' लिहिलेले असते ते खोलगट कालव. ही मूळची जपानकडची जात असून, 1970 च्या सुमारास इथली आधीची कालवे रोगाने गेल्यावर ती आणली गेली. 'प्लात' म्हणजे चपटे, स्थानिक जातीचे. त्याची चव उग्र आणि किंमतही जास्त, म्हणून नवख्याने क्रझच घ्यावे. कालवांच्या आकारासाठी दिलेल्या आकड्यांचा हिशेब उलटा आहे, म्हणजे आकडा जितका मोठा तितके कालव लहान. 3 क्रमांकाचे कालव शिंपल्यासकट 66 ते 85 ग्रॅम भरते आणि पहिल्या घासाला तेच बरे. लिंबाचा थेंब पडताच कड किंचित आक्रसली, तर ते जिवंत आणि ताजे आहे असे समजावे. लोक गटकन गिळायला सांगतात, त्यांचे ऐकू नका. दोन-तीनदा चावल्याशिवाय मागून येणारी गोडसर चव कळतच नाही.

भरतीओहोटी:
वरील प्रतिसादाशी सहमत आहे, मात्र खेकड्याबाबत नाही. कुर्ल्या फोडण्यात हयात गेलेल्या रत्नागिरीच्या बाईला चिमटा आणि लांब काटा हाती देऊन अख्खा तूर्तो समोर ठेवला, तर ती मेयोनेजला नावे ठेवीत का होईना, तासभर रमेल! गरम पदार्थ म्हणून 'मूल मारिन्येर' घ्यावे. वाइन आणि शॅलटमध्ये वाफवलेले हे शिंपले मों-सँ-मिशेलच्या उपसागरात लाकडी खांबांवर वाढवतात आणि त्यांना 2011 साली युरोपीय संघाचे संरक्षित नामाभिधान मिळाले आहे. पहिला शिंपला काट्याने खायचा आणि त्याच्याच रिकाम्या शिंपांचा चिमटा करून बाकीचे उचलायचे. तळाचा रस पावाने टिपून घ्या, तिसऱ्यांचा रस्सा आपण सोडतो का?

हिशेबनीस:
खाण्याबद्दल सांगून झाले आहे, म्हणून मी बिलाविषयी लिहितो. मित्रासोबत अशाच एका किनाऱ्यावरच्या रेस्टॉरंटात आम्ही अख्खा भाजलेला मासा मागवला आणि पाटीवरची किंमत 100 ग्रॅमची आहे हे आम्हाला बिल आल्यावर समजले. चूक आमचीच होती, पण वजन आधी सांगण्याचे सौजन्य वेटरनेही दाखवले नाही. तेव्हा शेवंड किंवा अख्खा मासा घेताना वजन विचारून घ्यावे. तिथे 'मेन्यू' म्हणजे ठरावीक किमतीचे जेवण, पदार्थांच्या यादीला 'कार्त' म्हणतात आणि 'आंत्रे' हा सुरुवातीचा पदार्थ असतो. सेवाशुल्क किमतीतच धरलेले असल्यामुळे टीप ऐच्छिक आहे. 'कराफ दो' म्हटले की नळाचे पाणी फुकट मिळते. मैत्रिणीला यकृताचा विकार असेल किंवा ती गरोदर असेल, तर कच्ची कालवे टाळावीत.

रेनवासी:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आम्ही परवाच जाऊन आलो. 3 क्रमांकाची 6 कालवे, एक मूल मारिन्येर आणि एक तूर्तो असे मागवले, आणि भरतीओहोटी यांचा अंदाज खरा ठरला: खेकड्याचा एकही सांधा तिने सोडला नाही. पहिले कालव मात्र तिने डोळे मिटून चावले आणि बराच वेळ काही बोललीच नाही. जेवणानंतर आम्ही बंदराच्या टोकाला, दीपगृहाजवळच्या कालवांच्या टपऱ्यांवर गेलो. विक्रेती बाई सुरी बिजागरीकडून न घालता कडेने, आतला स्नायू असतो नेमक्या त्या जागी, घालत होती. खडकावरून कोयतीने कालवे काढणाऱ्या बायका लहानपणापासून पाहिलेली माझी मैत्रीण त्या हाताकडे टक लावून उभी राहिली आणि मग तिने स्वतःच आणखी 6 मागितली. ती आम्ही कठड्यावर बसून खाल्ली. समोर ओहोटीने उघडी पडलेली कालवांची शेती होती, आणि खाली किनाऱ्यावर टाकलेल्या शिंपांच्या ढिगात आमच्याही शिंपा जाऊन पडल्या.